गाय बघ, गाय

टेम्पो फ्रीगंजचा पूल चढत होता तेव्हा समोरच्या बाकावर कुणाचं तरी मूल रडायला लागलं आणि प्राजक्ताचा ब्लाउज भिजला. आधी तिला तो घामच वाटला. मार्च सरत आला होता, टेम्पोत माणसं कोंबलेली होती, इंदूरहून येताना बसमध्येही पाठ भिजून परत वाळली होती. पण घाम असा आतून कळ देऊन येत नाही. ते मूल रडलं, छातीत बारीक सुया टोचल्यासारखं झालं, मग काहीतरी सैल सुटलं आणि निळ्या ब्लाउजवर दोन गोल डाग वाढायला लागले. तिने पदर ओढला. पदर पातळ होता. शेजारच्या माणसाने पेपरातून मान वर केली, पाहिलं, आणि पुन्हा पेपरात घातली, पण पान काही उलटलं नाही. पान्हा. हा शब्द तिने लहानपणी आरतीसारखा ऐकला होता, अर्थ न कळता. आता तो टेम्पोत, परक्याच्या पोरासाठी, सगळ्या उज्जैनच्या देखत फुटला होता. आणि ज्या पोरीसाठी फुटायचा ती माधव नगरात बसून वरण-भात खायला शिकली होती, म्हणे. दूध तुटलं होतं, म्हणे. आटलं होतं. दोन आठवडे छाती घट्ट बांधून, मावशीच्या मोरीत उभ्या उभ्या पिळून सोडून, दात आवळून तिने ते आटवलं होतं, आणि ते आटलेलं दूध हे असं ब्लाउजमधून चालत बाहेर आलं होतं.

समोरची बाई खेड्यातली होती, चांदीचं जाड कडं घातलेली. ती पोराला पदराखाली घेत प्राजक्ताकडे बघून हसली. लाज न वाटणारं हसू. "बेन, तमारे भी नानो है कईं घर पे?"

"बच्ची है," प्राजक्ता म्हणाली. "डेढ़ साल की."

"तो फिर!" बाईने टेम्पोच्या दांडीवर हात आपटला. "ओ भिया! जरा तेज भगा नी। बेन को घर पोंचके दूध पिलाना है!"

"अरे तो पेले बोलती ना," ड्रायव्हर मागे न बघता ओरडला, आणि त्याने उतारावर टेम्पो असा सोडला की सगळे एकमेकांच्या अंगावर आले. लोक हसले. पेपरवालाही हसला. प्राजक्ताही हसली, कारण हसण्यावाचून दुसरं काही करता येत नव्हतं. आणि हसता हसता तिच्या लक्षात आलं की घरी पोचल्यावर ती पाजणार नाही. पाजायचं नाही असं ठरलं होतं. सगळ्यांनी मिळून ठरवलं होतं आणि तिने मान हलवली होती.

मूल झालं की माणसं उपदेश घेऊन येतात. कुणी रिकाम्या हाताने येत नाही. देवू झाली तेव्हा हे सुरू झालं. मध चाटवा. मध चाटवू नका. काजळ घाला, डोळे मोठे होतात. टाळू भरा. नाक रोज दाबा, शिंद्यांच्या पदरी असलेल्या घराण्यात नकटी मुलगी चालत नाही. हे शेवटचं माईंचं. माई म्हणजे सासूबाई. त्यांच्या पणजोबांनी सरकारवाड्यात कसलं तरी दप्तर सांभाळलं होतं, आणि ते दप्तर गेलं, सरकार गेलं, वाडा गेला, पण नाकाचा आग्रह राहिला. फार हातात घेऊ नको, हाताची सवय लागते. रडू दे, फुफ्फुसं मोकळी होतात. शेजारची सुमीतची आई सांगायची डब्याचं दूध द्या, टीव्हीवर दाखवतात ते, आमचा सुमीत बघा कसा गोल झाला. आणि सुमीत खरंच गोल होता, त्याला दोन जिने चढले की धाप लागायची. प्रत्येकाचं बोलणं असं असायचं की जणू मूल त्यांच्याच पोटातून आलंय आणि प्राजक्ता मध्येच कुठून तरी सांभाळायला ठेवलेली बाई आहे. एकाने तरी विचारावं, तुला काय वाटतं? एकानेही नाही. आणि खरं सांगायचं तर तिनेही कधी सांगितलं नव्हतं. तिला वाटायचं, यांना माहिती असेल. एवढ्या ठाम आवाजात माणूस खोटं कसं बोलेल.

श्रीनाथची मिल बंद पडली नसती तर कदाचित काहीच झालं नसतं. मिल बंद पडली म्हणजे एका दिवसात नाही. आधी एक पाळी गेली, मग भोंगा वाजायचा पण आत कुणी जायचं नाही, मग भोंगाही थांबला. श्रीनाथ तिथे हिशेबाच्या खात्यात होता. तो काही दिवस गेटवरच्या मंडपात जाऊन बसला, घोषणा दिल्या, मग घरी येऊन टीव्हीसमोर बसला. त्याच सुमारास गल्लीत केबल आलं होतं. पूर्वी रात्री एकदा बातम्या असायच्या, आता सकाळी दहालाही कुणीतरी कुठल्या तरी देशात क्रिकेट खेळत असायचं, आणि तो बघायचा. तेव्हाच फ्रीगंजात एका खासगी कंपनीची शाखा उघडणार होती आणि त्यांना कॉम्प्युटर येणाऱ्या बायका हव्या होत्या. प्राजक्ताला येत होता. लग्नाआधी देवासला तिने क्लास केला होता, तेव्हा वडील म्हणाले होते याचा काय उपयोग. ती गेली, निवडली गेली. फक्त आधी काही महिने इंदूरला ट्रेनिंग. घरात त्या दिवशी पेढे आले आणि पेढे संपायच्या आत माई म्हणाल्या, "मग आता पोरीचं तोडायला पाहिजे."

तोडायला. फळ तोडतात, फांदी तोडतात. तेव्हा तिला तो शब्द टोचला नव्हता. टेम्पोत, पदराखाली दोन्ही हात दाबून बसलेली असताना टोचत होता.

तसा एक डॉक्टर होता. फ्रीगंजातच, लहान मुलांचा, घाईतला, पण त्याने स्पष्ट सांगितलं होतं: एकदम नका बंद करू. पहले दोपहर का छुड़ाइए, बच्ची को उसकी आदत होने दीजिए, फिर सुबह का, रात का सबसे आखिर में। और माँ सामने रहे। हे शेवटचं तो चिठ्ठीत खरडत खरडत म्हणाला होता, आणि ते सर्वात महत्त्वाचं होतं, पण खरडत खरडत म्हटलेलं कोण मनावर घेतं. घरी येऊन तिने सांगितलं. माई हसल्या. "डॉक्टरला काय माहिती? त्याने पाजलंय कधी कुणाला?" सुमीतची आई तेव्हा वाटी परत द्यायला आलेली, ती इतकी हसली की वाटीतला चमचा खाली पडला. श्रीनाथ टीव्हीवरून डोळे न हलवता म्हणाला, "माई सांगते ते ऐकून घे ना. तिने तिघे वाढवले." प्राजक्ताच्या मनात आलं होतं, हो, वाढवले, आणि त्यातला एक हा बसलाय समोर, ज्याला रडताही येत नाही आणि बायकोच्या खांद्यावर डोकंही ठेवता येत नाही, भोंगा थांबला त्या दिवशी संडासात जाऊन नळ सोडून बसला होता. मनात आलं होतं. जिभेवर आलं नाही.

कडुनिंबाचा पाला माईंनी स्वतः वाटला. पाटा धुऊन, अगदी चैत्रात वाटतात तसा, पण गूळ न घालता, प्राजक्ताच्या छातीला फासायला. हिरवा, उग्र वास. तो वास अजून तिच्या नाकात होता. इंदूरला ट्रेनिंगच्या एसी खोलीत, फिनेलच्या वासावरही तो चढायचा. दुपारी देवू झोपेतून उठून नेहमीसारखी आली, पदर बाजूला केला, आणि तोंड लावलं. मग तोंड काढलं. तिने असं तोंड केलं की बघायला जमलेल्या सगळ्या बायका हसल्या. हो, बघायला जमल्या होत्या. अशा गोष्टी बघायच्याच असतात. प्राजक्ताची आई तिच्याबद्दल हीच गोष्ट सणासुदीला सांगायची: तुझं तोडताना मी काजळ फासलं होतं, आणि तू भूत-भूत करत अशी पळालीस की उंबऱ्यावर आपटलीस, ही बघ हनुवटीवरची खूण. सगळे हसायचे. प्राजक्ताही हनुवटीवर बोट ठेवून दाखवायची आणि हसायची, पाहुण्यांसाठी. त्या गोष्टीत एक मूल आहे आणि ते घाबरलंय, हे तिला सव्वीस वर्षांत सुचलं नव्हतं. आणि त्या दुपारी देवूचं तोंड बघून तीही हसली होती. हे तिला आता टेम्पोत आठवायचं नव्हतं आणि तेच आठवत होतं. देवू वर बघत होती, तोंड कडूशार, लाळ गळतेय, आणि आई हसतेय. आई हसतेय म्हणजे हे काही वाईट नसावं, असं त्या पोरीने ठरवलं असेल. कारण नंतर तिने जे केलं ते कुणालाच अपेक्षित नव्हतं. तिने आपल्या फ्रॉकच्या कडेने ते पुसलं. हळू, जिभेचं टोक बाहेर काढून, जशी ती जमिनीवर सांडलेलं पाणी पुसायची तशी. आणि मग पुन्हा तोंड लावलं, आणि कडू असतानाच प्यायली. डोळे आईच्या डोळ्यांत. हसू थांबलं. "हिला कडूही गोड लागतं ग बाई," माई म्हणाल्या, थोड्या खजील होऊन. "हे काही असं सुटणार नाही. तुलाच जावं लागणार."

इंदूरला अप-डाउन करता आलं असतं. निम्मं उज्जैन करतं. सकाळच्या बसला पास काढून बसणारी माणसं एकमेकांच्या मुलांच्या परीक्षांची चौकशी करत जातात आणि संध्याकाळी भाजी निवडत परत येतात. ट्रेनिंगसाठी राहायची काहीच गरज नव्हती. पण माईंचं म्हणणं पडलं, नजरेसमोर राहशील तर सुटणार नाही. राहा तुझ्या मावशीकडे. आणि एक गोष्ट पक्की लक्षात ठेव: सांगून जाऊ नको. पोरं रडतात, मग आईचा पाय निघत नाही. तिला कळायच्या आत निघ.

रोज सकाळी भुरी यायची. भुरी म्हणजे गल्लीतली गाय, कुणाच्या मालकीची ते कुणाला ठाऊक नव्हतं, पण माईंची पहिली पोळी तिची. दारात येऊन ती एकदा फुरफुरायची, की देवू जिथे असेल तिथून दोन्ही हात पुढे करून, धडपडत दाराकडे निघायची. तिचा पहिला शब्द आई नव्हता, गाय होता. त्यावरूनही घरात बरेच विनोद झाले होते. त्या सकाळी माईंनी देवूला कडेवर घेतलं आणि पुढच्या दारात उभ्या राहिल्या. "देवू, गाय बघ, गाय! बघ किती मोठी जीभ! बघ बघ, शेपटी!" देवू हसत होती. तिची पाठ प्राजक्ताकडे होती. पाठीवर फ्रॉकचं एक बटण उघडं राहिलं होतं. ते लावावं असं वाटून प्राजक्ताचा हात पुढे झाला, आणि माईंनी मागे न बघता, हाताने, जा जा अशी खूण केली. ती मागच्या दाराने निघाली. चोरासारखी. स्वतःच्या घरातून, हातात चपला घेऊन. मागल्या गल्लीत येऊन कडी लावली, हळूच लावली, तरी वाजली. पुढून देवूचा आवाज येत होता: गाय. गाय. मग तिने चपला घातल्या.

ते बटण. दोन आठवडे तिला ते बटण दिसत होतं. कॉम्प्युटरच्या काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं उमटायची आणि त्यांच्यामागे एक उघडं बटण. मावशी म्हणायची, घट्ट बांध, दोन दिवसांत आटेल. छाती दगडासारखी झाली, ताप आला, हात वर उचलता येईना. शिकवायला दिल्लीचा कुणी पोरगेला माणूस होता, तो रोज म्हणायचा, "मैडम, फ्यूचर है ये, फ्यूचर।" कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवरून ती संध्याकाळी सुमीतच्या घरी फोन करायची, सुमीतची आई भिंतीवरून हाक मारायची, माई यायच्या. "कशी आहे?" "मस्त आहे. खेळून राहिली आहे." "विचारते का?" "विचारत नाही. विसरली. पोरं विसरून जातात." पहिल्या शनिवारी ती बॅग भरून बसली होती, तर माई फोनवर म्हणाल्या, "येऊ नको इतक्यात. आलीस तर सगळं पहिल्यापासून. आता आठवडाच काढ." तिने बॅग रिकामी केली. आज्ञाधारक. आयुष्यात तिला या एकाच गोष्टीसाठी कौतुक मिळालं होतं, आणि आता टेम्पो घड्याळाच्या टॉवरला वळसा घालत असताना तिला त्या कौतुकाची शिसारी आली.

ती उतरली तेव्हा खेड्यातली बाई मागून ओरडली, "भागो, बेन!" आणि ती खरंच पळाली. पदर छातीशी धरून, बॅग मांडीवर आपटत. कोपऱ्यावरचा किराणेवाला म्हणाला, "क्या हुआ भाभी?" पळताना तिने ठरवलं होतं, काय वाटेल ते होवो, आत जायचं, उचलायचं, पाजायचं, आणि सगळ्यांच्या देखत.

देवू जमिनीवर बसली होती. स्टीलच्या ताटलीत वरण-भात, एक शीत नाकावर. आईला बघून तिचा घास तोंडाशी थांबला. प्राजक्ताने बॅग टाकली आणि हात पसरले. देवू बघत राहिली. रडली नाही, पळत आली नाही, घाबरलीही नाही. "देवू, कोण आलं बघ, आई आली, आई," माई म्हणाल्या. मग देवूने ताटली बाजूला सरकवली, भाताचे दोन्ही हात जोडले आणि मान वाकवली. नमस्ते. दारात पाहुणं आलं की करायला शिकवलं होतं तसं.

श्रीनाथ हसला. माई हसल्या. "बघ, किती शहाणी झाली! सांगितलं नव्हतं का, कठीण काही नाही." प्राजक्ता हात पसरलेलेच ठेवून उभी होती. छातीवरचे डाग वाळून कडक झाले होते. पाजण्याचं ठरवलेलं सगळं तिच्या आत बसून राहिलं, जसं पाहुण्याकडे गेल्यावर भूक लागली तरी माणूस बोलत नाही.

दुसऱ्या दिवशी रविवारी तिने देवूला आंघोळ घातली. पोरगी नीट उभी राहिली, डोळे मिटायला सांगितले तर मिटले, हात वर करायला सांगितला तर वर केला. दोन आठवड्यांपूर्वी आंघोळ म्हणजे युद्ध असायचं. तांब्या फेकला जायचा, प्राजक्ता नखशिखांत भिजायची. आता ही ओळखीच्या बाईकडे दिल्यासारखी शांत. टॉवेलात गुंडाळून तिने देवूला आतल्या खोलीत नेलं, दार लोटलं. स्वतःला आधी साबणाने स्वच्छ धुतलं होतं, दोनदा. तिने पदर बाजूला केला. देवूने बघितलं. एक बोट लावलं. बोटावर थेंब आला, ते बोट तिने तोंडात घातलं, चाखलं, आणि विचार केला. खरंच विचार केला, भुवया जवळ आणून. ते कडू नव्हतं, हे तिला कळलं होतं. प्राजक्ताला ते तिच्या चेहऱ्यावर दिसलं. आता येईल, आता वाकेल. मग देवूने पदराचं टोक धरलं, ओढलं आणि आईला झाकलं. नीट, दोन्ही हातांनी, वरून थोपटून. जसं झाकण ठेवतात. आणि टॉवेल सावरत दाराकडे गेली.

त्यावर रडावंसं वाटलं असतं तर बरं झालं असतं. तिला राग आला. कुणाचा ते कळेना. माईंचा यावा, तर माई बाहेर उन्हात बसून देवूच्या फ्रॉकला बटणं लावत होत्या, चष्म्याच्या काड्या दोऱ्याने बांधलेल्या. श्रीनाथचा यावा, तर तो बाजारातून देवूसाठी लाल चेंडू घेऊन आला होता आणि कुणी बघत नसताना स्वतःच उडवून बघत होता. मग उरलं कोण. तिला त्या डॉक्टरचा राग आला, की हरामखोरा, मान वर करून का नाही सांगितलंस, टेबलावर मूठ का नाही आपटलीस, माझा हात धरून का नाही म्हणालास की बाई, दूध सुटेल ग, दूध सगळ्यांचंच सुटतं, पण तू गुपचूप जाऊ नकोस. रडलं तरी सांगून जा. पोर रडतं ते आई जाते म्हणून; ते रडणं वाहून जातं. पण मागे वळून बघावं आणि आई नाही, हे जिथे साठतं तिथे हात पोचत नाही. पण डॉक्टरने खरडत का होईना सांगितलं होतं. ऐकलं होतं तिनेच.

संध्याकाळी स्वयंपाकघरात माई पोळ्या लाटत होत्या आणि ती भाजत होती. बाहेर चेंडू भिंतीवर आपटत होता. "उद्यापासून मी अप-डाउन करणार आहे," प्राजक्ता म्हणाली. "मावशीकडे राहणार नाही."

"कर ना. सुटलंय आता." माईंनी पोळी उलटी केली, पुन्हा सुलटी केली. लाटणं थांबलं. "एक सांगू? तुला फोनवर नव्हतं सांगितलं. सुरुवातीला ती मागच्या दाराशी जाऊन बसायची. कडीकडे बघत. जेवायला उचलून आणावी लागायची."

प्राजक्ताने तव्यावरून हात काढला. "तिला काय माहिती मी मागून गेले? ती तर गाय बघत होती."

"कडी वाजली होती ना ग. तिने मान वळवली." माई पोळपाटाकडेच बघत होत्या. "मी तिचं तोंड धरून पुन्हा गाईकडे केलं."

पोळी जळायला लागली होती. कुणी उलटली नाही. मग माईच म्हणाल्या, उगाच रागावून, "आमच्या वेळेला असंच करायचे. मला कुणी सांगितलं का दुसरं? तू शिकलेली. तू बोलायचं होतंस." आणि त्यांनी पदराने नाक पुसलं, पिठाच्या हाताने, तर गालावर पांढरा पट्टा उठला. इतकी वर्षं ज्या ठाम आवाजाला ती भीत आली होती, त्याच्या आत काही नव्हतं. फक्त एक म्हातारी होती, जिलाही कुणीतरी असंच सांगितलं होतं. हे कळून हलकं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. निदान कुणाला तरी खरं माहिती आहे, एवढा तरी आधार होता, तोही गेला.

सोमवारी सकाळी ती बसच्या वेळेआधी तयार झाली. माईंनी देवूला कडेवर घेतलं आणि सवयीने दाराकडे निघाल्या. "माई, नको," प्राजक्ता म्हणाली. "गाय दाखवू नका. मी पुढच्या दाराने जाणार आहे. सांगून जाणार आहे."

"अगं, रडेल ती."

"रडू दे."

"तू जाशील निघून. ऐकावं मला लागेल."

हे खरं होतं. श्रीनाथने आतून टीव्ही बंद केला. नुसता आवाज कमी नाही केला, बंद केला, आणि येऊन दाराच्या चौकटीला टेकून उभा राहिला. "मी ऐकेन," तो म्हणाला. "जा तू."

ती देवूच्या समोर आली, इतकी जवळ की पोरीचा दुधाच्या बिस्किटांचा श्वास तिच्या हनुवटीला लागला, त्या जुन्या खुणेला. सगळे तिच्यासाठी थांबले होते. तिला वाटलं आता ही रडेल, भोकाड पसरेल, पदर धरेल, बस चुकेल, चुकू दे. रडली म्हणजे काहीतरी उरलंय. ती त्या रडण्याची वाट बघत होती, जशी कधी कशाची बघितली नव्हती. "देवू," ती म्हणाली, "मी इंदूरला जाते आहे. कामाला. संध्याकाळी परत येणार. दिवे लागतील ना, तेव्हा येणार. तुझ्यासमोरून जाते आहे, बघ. ही बघ चप्पल घातली. हा दरवाजा. बघ, आई जाते."

देवूने तिच्याकडे पाहिलं, चपलेकडे पाहिलं, खांद्यावरच्या बॅगेकडे पाहिलं. तिला सगळं समजलं होतं. मग तिने माईंच्या खांद्यावर हात ठेवला आणि आपली आपणच, कुणी न सांगता, मान वळवली. रस्त्याकडे. आईकडे पाठ करून.

"गाय," ती म्हणाली.

भुरी अजून आली नव्हती. रस्त्यावर शिंपडलेल्या पाण्याचे ओघळ होते आणि एक सायकल उभी होती. देवू त्या रिकाम्या रस्त्याकडे बोट दाखवून बघत राहिली, न हलता, डोळे ताणून, मागे काहीही वाजलं तरी वळायचं नाही अशी. फ्रॉकची सगळी बटणं नीट लावलेली होती. आई निघेपर्यंत तिला तसंच बघत राहायचं होतं.